आईल बघूण

खुटवड घेऊन आले तो कागद नव्हताच,
कागदाची कातडी होती.
पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात, कापसावर.
इंजिनाच्या फिल्टरवरून ऊब देत देत सोललेली.
"एक कोपरा गेला," म्हणाले, "माझ्याच नखानं."

कसबा पेठेत माझं स्क्रीन प्रिंटिंग.
लग्नं, मुंजी, वास्तुशांती.
पलीकडे तांबट आळीत ठोके पडतात
आणि त्या तालावर माझा हात
फ्रेमवरून रबर ओढतो.

जीप चव्वेचाळीस सालची, मालक बाणेरचे.
फेब्रुवारीत जुन्या गाड्यांचा मेळावा;
परीक्षक म्हणे भिंग घेऊन बॉनेटात वाकतात.
तेल किती मैलांनी बदलायचं सांगणारी ही चिठ्ठी
बनावट दिसली की गुण गेले.
म्हणजे बनवायची मी,
फक्त बनवलेली दिसायला नको.

पिवळा जमेना. आठदा कालवला.
हळदीचा झाला, लिंबाचा झाला,
रिक्षाच्या टपाचासुद्धा झाला.
मग खुटवडांनी पट्टीखालचा तुकडा दाखवला,
जिथं ऐंशी वर्षांत ऊनही पोचलं नव्हतं, तेलही.
नखाएवढा.
तेवढाच रंग होता,
बाकी सगळं वय.

भिंगाखाली एक इंग्रजी आर कलंडलेला.
लढाईच्या घाईत, कुठल्याशा परक्या गावात
कुणाचा तरी हात हलला असेल.
पाळी संपत आली असेल,
किंवा घरी तार आली असेल.
सवयीनं मी तो सरळ केला.
मग पुन्हा पाडला, दीड अंश.
फिल्म तीनदा काढली.

डिंकाचा कागद, त्यावर लॅकर, पिवळा, काळा, परत लॅकर.
रात्रभर चिमट्यांत वाळत राहिल्या
कुणाच्या तरी चि. सौ. कां.च्या शेजारी.

खुटवड खडकीच्या वर्कशॉपातले, छत्तीस वर्षं.
चहा बशीत ओतून म्हणाले,
"खरं सांगू? आमच्याकडे होती तेव्हा
ही चिठ्ठी नव्हतीच हिच्यावर.
गुलाबभाई फिटरनं ब्रशनं लिहिलेलं, पांढऱ्यात.
सत्तर साली मी शिकाऊ. रोज वाचायचो.
मालक म्हणाले, घासून काढा.
मीच काढलं."
आणि पासबुकाच्या घडीतून बटरपेपर उलगडला.
घासण्याआधी गिरवून घेतलेला:
आईल बघूण मग चालू कर.
"हे पण येईल छापता?"

आता मी पुण्यातली.
'आशीर्वाद'मधली शी ऱ्हस्व पडली म्हणून
वडिलांनी चारशे पत्रिका बंबात घातलेल्या.
'बघूण'पाशी माझा हात थांबला.
ण चा न करायला कितीसा वेळ,
आणि कळणार कुणाला.
पण त्या परक्या आरसाठी
मी तीन फिल्म जाळल्या होत्या.

छापलं तसंच. ण चं पोट सुटलेलं,
शेवटच्या र ची शेपटी वर गेलेली,
ब्रश उचलताना कुणी हाक मारावी तशी.

शनिवारी बाणेरला खुटवडांनी परातीत कोमट पाणी घेतलं.
चिठ्ठी सोडली. अर्ध्या मिनिटात कागद बुडाला
आणि रंग तेवढा वर राहिला, सायीसारखा.
फिल्टरवर सरकवला, कापसानं टिपला.
आर कलंडलेलाच.

दुसरी त्यांनी बॅटरीच्या ट्रेखाली लावली,
वर बॅटरी ठेवून नट आवळले.
भिंग तिथवर वाकणार नाही.

मालक आले, खूश झाले,
चिठ्ठीचे फोटो काढले चार बाजूंनी.
"मारा स्टार्टर," म्हणाले.

खुटवडांनी आधी तेलाची पट्टी ओढली,
फडक्यानं पुसली, परत घातली,
परत ओढली,
आणि उजेडात धरून
बराच वेळ बघत राहिले.